सकुटुंब मुक्कामाचा प्रश्न : धर्मशाळेच्या चुलीपासून सर्व्हिस अपार्टमेंटपर्यंत

मोठ्या शहरात कुटुंबासह काही दिवस राहण्याचा प्रसंग आला म्हणजे जो प्रश्न उभा राहतो तो केवळ खोलीचा नसतो. एकटा मनुष्य कोठेही पथारी टाकू शकतो. लॉजमधील एक कॉट, कोपऱ्यावरील खानावळ आणि पहाटे नळाला येणारे पाणी एवढ्यावर त्याचा निर्वाह होतो. परंतु ज्याच्यासमवेत दूध पिणारे मूल आहे, पथ्यावर असलेली वृद्ध आई आहे, वेळीअवेळी भूक लागणारी दोन शाळकरी मुले आहेत आणि या सर्वांच्या खाण्याचा, झोपेचा व कपड्यांचा हिशेब अहोरात्र डोक्यात वागवणारी पत्नी आहे, त्या गृहस्थास खोली मिळाली म्हणजे निवारा मिळाला असे म्हणता येत नाही. त्याला हवे असते ते तात्पुरते घर. आणि महानगराने परगावच्या कुटुंबाला असे घर कोणत्या अटींवर व कोणत्या किमतीस दिले, याचा आढावा म्हणजे त्या महानगराच्या आतिथ्याची परीक्षाच होय. प्रस्तुत लेखात ही परीक्षा मुख्यतः मुंबईपुरती केली आहे, कारण महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांना आयुष्यात केव्हा ना केव्हा या शहराचा उंबरठा ओलांडावा लागतो.

ही कुटुंबे मौजेसाठीच येतात असे नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची द्वारे 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडली, तेव्हापासून कर्करोगाच्या उपचारासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून आप्तेष्टांसह रुग्ण तेथे येत आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीसाठी, पवईच्या आयआयटीत मुलाला पोहोचवण्यासाठी, पुतणीच्या लग्नासाठी अथवा बदलीच्या हुकमानंतर सरकारी निवासस्थान हाती येईपर्यंतच्या मुदतीसाठी लोक येतात. आणि न्यू जर्सीहून नाताळच्या सुटीत नातवंडे घेऊन येणाऱ्या मुलाला डोंबिवलीचे दोन खोल्यांचे पितृगृह कितीही प्रिय असले तरी रात्री सात माणसांच्या अंथरुणांची सोय तेथे होत नाही, म्हणून तोही जवळपास जागा शोधू लागतो. या सर्वांच्या मुक्कामात एक समान धर्म आहे. तो दोन रात्रींचा नसतो आणि वर्षभराचाही नसतो. आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंतच्या मधल्या पट्ट्यात तो पडतो. लॉजवाल्यास एवढ्या दीर्घ मुक्कामाचा भरवसा नको असतो, घरमालकास एवढ्या अल्पमुदतीचा भाडेकरू नको असतो. सकुटुंब मुक्कामाचा सारा प्रश्न या मधल्या पट्ट्यात अडकलेला आहे.

पूर्वीच्या मुंबईने तो आपल्या परीने सोडवला होता. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह, जेथे लोकमान्य टिळकांचा मुक्काम असे व 1 ऑगस्ट 1920 रोजी जेथे त्यांचे देहावसान झाले, ते प्रतिष्ठित मराठी प्रवाशांचे ठिकाण होते. 1903 साली अपोलो बंदरावर उघडलेले ताजमहाल हॉटेल संस्थानिकांसाठी व साहेबलोकांसाठी होते, आणि सामान्य गृहस्थाच्या कथेत त्यास स्थान नाही. सामान्य गृहस्थास दोनच आश्रय होते : गिरगाव, दादर, परळ येथील चाळीत राहणारा नातलग, किंवा धर्मशाळा. नातलगाच्या दहा बाय बारांच्या खोलीत पाहुण्यांचे अंथरूण गॅलरीत पडे, शेजारी आपली खोली रात्रीपुरती मोकळी करून देत, आणि औषधोपचारासाठी महिना-दीड महिना राहिलेल्या काकूंचे कोणी दिवस मोजीत नसे. निदान मोजल्याचे दाखवीत नसे. हा भार प्रत्यक्षात घरच्या स्त्रीवर पडे. तिच्या श्रमांवर मुंबईचे फार मोठे आतिथ्य उभे होते, आणि त्या श्रमांची नोंद कोणत्याही दफ्तरात झालेली नाही.

धर्मशाळेची व्यवस्था अधिक विचारपूर्वक होती. तीत खोली मिळे, पाण्याची सोय मिळे, भांडी मिळत, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चूल मिळे. प्रवासी शिधा आणी व आपला स्वयंपाक आपण रांधी. या शिरस्त्यामागे सोवळ्याओवळ्याची व जातीची बंधने होती हे लपविण्यात अर्थ नाही. अनेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातीपुरत्याच होत्या व ज्यांना निवाऱ्याची गरज सर्वाधिक, त्यांनाच त्यांची दारे बंद होती. पंढरपुरात गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती या अन्यायाला दिलेल्या उत्तराचीच साक्ष होय. परंतु उगम कोणताही असो, परक्या गावी कुटुंबाला आपले अन्न आपल्या हाताने शिजवता यावे हे तत्त्व धर्मशाळेने जपले. पुढे आलेल्या हॉटेलांनी गादी दिली, पंखा दिला, घंटी वाजवताच धावून येणारा पोऱ्या दिला, आणि चूल मात्र काढून घेतली.

इंग्रज सरकारनेही मुसाफिरांच्या निवाऱ्याकडे सर्वस्वी दुर्लक्ष केले नव्हते. 1867 च्या सराई कायद्यान्वये सराईची नोंद जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या रजिस्टरात करावी लागे. खोल्या, ओसऱ्या, गटारे व विहिरी स्वच्छ ठेवणे, पहारेकरी नेमणे, सांसर्गिक रोगाने कोणी आजारी पडल्यास पोलीस ठाण्यास वर्दी देणे, आणि आकाराचा तक्ता सहज दिसेल अशा जागी लावणे ही सराईवाल्याची कर्तव्ये ठरवून दिली होती. स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या मुंबईच्या कायद्याने तर घरभाडे आणि हॉटेल व लॉजिंग हाउसचे दर एकाच छत्राखाली नियंत्रित केले. त्या कायद्याच्या नावातच या दोन्हींचा निर्देश होता. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला तेव्हा ते युग संपले. भाड्याची व्यवस्था लिखित व नोंदणीकृत करारनाम्यावर उभी राहिली, हॉटेलांचे दर बाजारावर सोडले गेले, आणि मधल्या पट्ट्यातील कुटुंब दोहोंच्या मध्ये निराधार राहिले.

याच पोकळीत सर्व्हिस अपार्टमेंट नावाची संस्था आली. तिचा उगम मुंबईत नाही. न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी अपार्टमेंट हॉटेले मोठ्या संख्येने उभी राहिली. त्यांत खोल्या घरासारख्या असत, पण स्वतंत्र स्वयंपाकघर सहसा नसे, कारण स्वयंपाकघर आले की ती इमारत गाळ्यांच्या चाळींना लागू असलेल्या कडक कायद्याखाली येई. चुलीसह निवास देणारे अर्वाचीन रूप 1975 साली अमेरिकेतील विचिटा या शहरी सुरू झालेल्या रेसिडेन्स इन या पथिकाश्रमापासून धरता येते. आशियात सिंगापूरच्या ॲस्कॉटने 1984 पासून या धंद्यास वळण दिले. मुंबईत परदेशी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी प्रथम हे निवास निघाले. पवईच्या तलावाकाठी व सांताक्रूझला मोठ्या हॉटेलांच्या शेजारीच सदनिकांचे स्वतंत्र भाग उभे राहिले. त्यानंतर अंधेरी, मरोळ, खार, वांद्रे, ठाणे येथे लहानमोठी असंख्य ठिकाणे झाली आणि कंपनीच्या खर्चाने राहणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी स्वखर्चाने राहणारे मध्यमवर्गीय कुटुंब तेथे दिसू लागले. भारत सरकारच्या पर्यटन मंत्रालयाने अपार्टमेंट हॉटेलांसाठी वर्गीकरणाची निराळी तजवीज केली आहे, परंतु ते वर्गीकरण घेणे ऐच्छिक असल्यामुळे सामान्य प्रवाशास त्याचा आधार क्वचितच मिळतो.

अशा निवासाचे गुणदोष दिवाणखान्याच्या छायाचित्रावरून कळत नाहीत, ओट्यापाशी उभे राहिले म्हणजे कळतात. मरोळ भागातील एका इमारतीत अकोल्याहून आलेल्या स्नेह्यांचे कुटुंब उतरले होते, त्यांच्याकडे मी सकाळी गेलो. एक बैठकीची खोली, एक झोपण्याची खोली, बैठकीतला सोफा रात्री उलगडून होणारा बिछाना, बाल्कनीत धुलाईयंत्र, ओट्यावर इंडक्शनची शेगडी, शेजारी फ्रीज, मायक्रोवेव्ह व पाणी शुद्ध करण्याचे यंत्र; सारे नीटनेटके. ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून सामानाची यादी चिकटवली होती : ताटे चार, वाट्या चार, चमचे चार, सुरी एक, कढई एक. माणसे सहा होती. पोळपाट-लाटणे नव्हते, चहाचे गाळणे नव्हते, सांडशी नव्हती. आजींनी मोठ्या दूरदृष्टीने घरून आपला ॲल्युमिनियमचा कुकर आणला होता. तो इंडक्शनवर ठेवला असता शेगडी काही क्षण लुकलुके आणि बंद पडे. या शेगडीत ज्वाला नसते, चुंबकीय क्षेत्राने भांड्याचा तळच तापतो, आणि त्यासाठी तळ चुंबकास ओढणाऱ्या लोखंडाचा अथवा तशा पोलादाचा असावा लागतो, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. आजींचा चेहरा उतरला, कारण नातवाला उलट्या होत होत्या व त्याला मऊ भात करून घालावयाचा होता. व्यवस्थापकास फोन केल्यावर अर्ध्या तासात एक मुलगा पोलादी तळाचा कुकर घेऊन आला, शिट्टी झाली, आणि तूप-मीठ घातलेला भात त्या मुलाने खाल्ला. त्या दिवशी एखाद्या नामांकित हॉटेलातील पंचवीस पदार्थांची न्याहारी त्या कुटुंबाच्या काहीही उपयोगाची नव्हती.

या एका प्रसंगात या संस्थेचे सामर्थ्य व तिची उणीव दोन्ही प्रकट होतात. सामर्थ्य हे की येथे घराचा दिनक्रम मोडत नाही : मूल साडेआठला झोपते, मोठी माणसे दार लोटून पलीकडच्या खोलीत दिवा लावून बोलू शकतात, औषध फ्रीजमध्ये राहते, मळलेले कपडे रात्री धुतले जाऊन सकाळी वाळतात, आणि वृद्धांना पहाटे पाचचा चहा मागण्यासाठी कोणापुढे संकोच करावा लागत नाही. हॉटेलातील दोन स्वतंत्र खोल्यांत हे घडत नाही. तेथे कुटुंबाची दोन शकले होतात आणि एक वडीलधारी व्यक्ती रात्रभर मधल्या बोळात येरझारा घालते. उणीव ही की ही घरे ज्यांनी सजवली, त्यांनी कुटुंबातील स्वयंपाकाचा अनुभव विचारात घेतला नाही. परदेशी पद्धतीच्या ओट्यावर कॉफीचे यंत्र असते, पोळीचा तवा नसतो. काही ठिकाणी मांसाहार शिजवण्यास मनाई असल्याची अट पैसे भरल्यावर कळते. मासळीशिवाय ज्याचे जेवण होत नाही त्या मालवणच्या कुटुंबाने अशा ठिकाणी चूल असून काय करावे? ज्ञातीच्या धर्मशाळेचे दार जसे काहींनाच उघडे होते, तसेच हे स्वयंपाकघरही निवडक लोकांपुरते राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अट घालावयाचीच असेल तर ती दरपत्रकावर, आरंभीच व ठळक लिहिली पाहिजे.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी थोडक्यात, पण आग्रहाने सांगितले पाहिजे. उंच मजल्यावरील बाल्कनीस आडव्या गजांचा कठडा असेल तर ती लहान मुलासाठी शिडीच होते. उभे गज अथवा जाळी असल्याखेरीज तीन वर्षांचे मूल घेऊन अशा सदनिकेत उतरू नये. सरकत्या खिडकीला अडसर आहे काय, गिझरचे पाणी किती कढत येते, सदनिकेचे दार बाहेरच्या बाजूने आपोआप बंद होऊन मूल आत अडकण्याचा संभव आहे काय, आणि आग लागल्यास उतरण्याचा दुसरा जिना कोठे आहे, हे उतरल्याबरोबर पाहावे. जेथे प्रत्येक मजल्यावर स्वयंपाक चालतो तेथे जिन्यातील अडगळ हा गंभीर अपराध समजला पाहिजे.

आता खर्चाकडे वळू. वरवर पाहता दोन खोल्यांपेक्षा एक सदनिका स्वस्त पडते, शिवाय जेवणाचा खर्च वाचतो. पाच माणसांचे तीन वेळचे बाहेरचे खाणे आठवडाभर चालले म्हणजे खोलीच्या भाड्याशी बरोबरी करू लागते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. परंतु कराच्या रचनेत एक विपरीत गोष्ट शिरून बसली आहे. वस्तू व सेवा कर निवासाच्या प्रत्येक एककावर, म्हणजे खोलीवर अथवा सदनिकेवर, दररोजच्या दराप्रमाणे आकारला जातो. 22 सप्टेंबर 2025 पासून दररोज 7500 रुपयांपर्यंतच्या निवासावर 5 टक्के आणि त्याहून अधिक दराच्या निवासावर 18 टक्के असा तो आहे. समजा, एका कुटुंबाने प्रत्येकी 4500 रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या, तर दिवसाचा कर 450 रुपये होईल. त्याच कुटुंबाने 9000 रुपयांची दोन शयनगृहांची एक सदनिका घेतली तर तो 1620 रुपये होईल. माणसे तीच, भाडे तेच, चैन काडीची अधिक नाही. केवळ कुटुंब एका दाराआड एकत्र राहिले म्हणून दहा दिवसांत 11,700 रुपये अधिक कर. चैनीवर अधिक कर घ्यावा हे तत्त्व मला मान्य आहे, पण एकत्र राहणे ही चैन नव्हे. मर्यादा एककावर न ठेवता शयनगृहावर अथवा माणशी ठेवली तर हा अन्याय दूर होईल, आणि त्यासाठी नवा कायदा नको, अधिसूचनेतील एक दुरुस्ती पुरेशी आहे. 2024 मध्ये सलग किमान 90 दिवसांच्या आणि माणशी दरमहा 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासास करमुक्ती देण्यात आली ती योग्यच झाली. तिचा लाभ मुख्यतः वसतिगृहांत राहणाऱ्यांना मिळतो. सहा आठवड्यांच्या किरणोपचारासाठी आलेले कुटुंब मात्र त्या मुदतीत बसत नाही.

या कुटुंबांची कैफियत सर्वांत गंभीर आहे. रसायनोपचारात रक्तातील पांढऱ्या पेशी घटून प्रतिकारशक्ती मंदावते आणि रुग्णास ताजे, स्वच्छ, घरी शिजवलेले अन्न द्यावे लागते. म्हणजे चूल येथे सोयीची वस्तू न राहता उपचाराचाच भाग होते. बाजारभावाची सदनिका यांपैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा यांनी या लोकांसाठी जे कार्य चालवले आहे, त्यास तोड नाही. 2006 पासून सेंट ज्यूड या संस्थेने कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांसाठी मुंबईत निवास उभारले. त्यांत प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा आणि सामायिक स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी असते. श्रीमंतासाठी काढलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटचे आणि गरिबासाठी काढलेल्या या निवासाचे मूळ तत्त्व एकच निघावे, यावरून ते तत्त्व किती खरे आहे हे ध्यानात येते. या दोहोंच्या मधला, दिवसाला हजार-पंधराशे देऊ शकणारा शिक्षक, लिपिक, लहान शेतकरी मात्र कोठेच बसत नाही. धर्मशाळेत अधिक गरजवंताची जागा अडवण्याचा त्याला संकोच वाटतो व सदनिकेचे भाडे झेपत नाही.

शेवटचा वाद शेजाऱ्यांचा आहे. सारी इमारत एकाच व्यवस्थेखाली असेल तर प्रश्न येत नाही. पण अनेक ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सुट्या सदनिका घेऊन हा धंदा चालतो. रोज नवे चेहरे, लिफ्टमध्ये बॅगा, रात्री दोनला वाजणारी घंटी यांनी त्रासलेल्या रहिवाशांची तक्रार अगदी रास्त आहे, आणि फाटकावरील रखवालदाराने संशयाने अडवलेल्या कुटुंबाची मानखंडनाही तितकीच खरी आहे. इतर महानगरांनी यावर आपापले तोडगे काढले आहेत. सिंगापुरात सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये किमान सात दिवस राहावे लागते व खासगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीने देता येत नाही. लंडनमध्ये राहते घर अशा रीतीने वर्षातून 90 रात्रींपर्यंत देता येते, त्यापुढे परवानगी लागते. न्यूयॉर्कने 2023 पासून तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर देणाऱ्या यजमानास नोंदणी सक्तीची केली. मुंबईला सिंगापूरची विभागणी अधिक मानवेल असे मला वाटते : एका रात्रीचा प्रवासी हॉटेलात जावा, आठवड्याहून अधिक राहणाऱ्या कुटुंबासाठी नोंदलेली, तपासलेली व संपूर्ण इमारतीत सामावलेली निराळी व्यवस्था असावी, आणि रहिवाशांच्या संस्थांना त्यांची शांतता परत मिळावी.

माझा निर्णय असा की सात दिवसांहून दीर्घ मुक्कामासाठी, दोनहून अधिक माणसांच्या कुटुंबाला, सर्व्हिस अपार्टमेंट हाच आज उपलब्ध असलेल्या प्रकारांत सर्वोत्तम आहे. त्याहून अल्प मुक्कामासाठी जवळचे साधे, स्वच्छ हॉटेल पुरेसे आहे व सदनिकेच्या अनामतीची, सामानाच्या यादीची आणि किराणा भरण्याची खटपट करू नये. जे वाचक असा मुक्काम ठरवत असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात : करासह एकूण आकार, अनामत परत करण्याची मुदत, स्वयंपाकघरातील भांड्यांचा तपशील, आणि लहान मूल माणसांच्या संख्येत धरले जाते की नाही. चालकांना विनंती की कपाटात सहा ताटे, एक तवा, पोळपाट-लाटणे आणि शेगडीला चालेल असा कुकर ठेवावा. याचा खर्च एका रात्रीच्या भाड्याहून अधिक नाही. आणि महानगरपालिकेस व राज्य सरकारास विनंती की परळ, शिवडी, वडाळा या रुग्णालयांना जवळच्या भागांत सार्वजनिक मालकीच्या ज्या इमारती मोकळ्या पडल्या आहेत, त्यांपैकी काही धर्मादाय संस्थांच्या हाती चालवण्यास देऊन मध्यम उत्पन्नाच्या रुग्णकुटुंबांसाठी चुलीसह निवास उभारावेत, आणि 1867 च्या कायद्यात होता तसा दराचा तक्ता त्यांच्या दारावर लावावा.